पेटीला डिंबेल

पेटी वाजली असती तर नेल्सनचे दोन फायदे होते. एक, त्याच्या मालवणच्या घरी उतरणारे पर्यटक ती ऐकायला रेंगाळले असते. दुसरा मोठा: बाप गेल्यापासून तोंड फिरवून बसलेली बहीण कार्मेलिना वेंगुर्ल्याहून त्याच्या दारात आली असती, तीही गरजू होऊन.

पेटी म्हणजे बापानं जहाजावरून आणलेला ॲकॉर्डियन. तो आपोआप वाजायचा. आत भोकांचा कागद घालून भाता ओढला की पट्ट्या स्वतःच दबत. बापानं वाटणी अशी केली की भांडण टिकावं: पेटी लेकाला, कागद लेकीला. त्यातला मोलाचा एकच. लग्नाआधी नवरा-नवरीला नारळाचा रस लावतात त्या रोसात वाजवायला बापानं स्वतः टोच्यानं भोकं पाडून केलेला. आता तो कार्मेलिनाला लेकीच्या, रिशेलच्या रोसात हवा होता.

नेल्सननं भात्याला बकऱ्याचं कातडं लावलं, कडक झालेल्या रबरी नळ्या बदलल्या. काम बरं झालं होतं. पण तिथं थांबला तर नेल्सन कसला? घराणं होड्यांचं. खाऱ्या हवेत लाकूड कुजू नये म्हणून होडीला लावतात ते काजूच्या टरफलांचं तेल, डिंबेल, त्यानं ब्रशनं पेटीला आतबाहेर चोपडलं.

रोसाच्या आदल्या दिवशी सकाळी कार्मेलिना आली. चहालाही नको म्हणाली.

“पेटी वाजता, की तुझ्यासारखी नुसती फुगता?”

“कागद दी आणि गप बस गो.”

“फाटलो तर तुझी कातडी काढीन.”

भाता ओढताच दोन सूर निघाले, अगदी बापाच्या शिट्टीसारखे. कार्मेलिनाचा चेहरा सैल झाला, तोच आत चर्र झालं. डिंबेल वरून सुकलं होतं. कागद सरकतो त्या फटीत ओलंच होतं. कागद चिकटून फाटला. नेल्सननं घाईघाईत उघड्या हातांनी तुकडे खरवडून काढले.

तिनं एक तुकडा हुंगला. “डिंबेल? पेटी घेवन मासे धरूक जातलंस काय रे?”

“कागद वेळेर दिलं असतंस तर ही पाळी इली नसती!”

“रोसाक येव नको.”

तो जाणार तरी कसा? ओलं डिंबेल कातडी जाळतं. दुसऱ्या दिवशी दोन्ही तळवे फोडांनी भरले, मग कातडी सोलली. बहिणीचा शब्द डिंबेलानं पाळला. तिचा कागद गेला, त्याची कातडी गेली. दोघांचंही आपापल्या करणीनं. रोसात मोबाइलवर कुणाचं तरी गाणं लागलं. या भांडणात एक शब्दही न घातलेल्या रिशेलनं रस डोळ्यांत गेला म्हणत डोळे पुसले. सगळ्यांत जास्त दंड भरला तो तिनं.