पाम बॉबचे ठिपके

गोटीरामचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, आणि अक्कल रागाच्या बरीच मागे. उरणच्या खाडीकाठी शिंदीच्या झाडांत चोरून बांधकामाचं डेब्रिज ओतायला तो डंपर घेऊन आला, तर तिथे एक माणूस कॅमेरा रोखून बसलेला. डंपर जप्त झाला तर घरदार रस्त्यावर येणार, एवढंच त्याला सुचलं. विचारपूस नंतर, आधी त्याने माणसाच्या तोंडावर ठोसा घातला.

माणूस रबाळ्याच्या एका कारखान्यातला कारकून, नाव अभय. गोटीरामचा ड्रायव्हर नामा याने त्याला मागून आवळून धरलं. आपण फुलपाखराचे फोटो काढतोय, डंपरचे नाही, असं तो फुटक्या ओठांनी सांगत राहिला. गोटीरामने कॅमेऱ्यात पाहिलं. नखाएवढं काळपट काहीतरी, आणि मागे डंपरचं चाक.

"या काल्या किड्यासाठी सकालपासून बसलास? कुनी पाठवला तुला, खरा सांग."

"पाम बॉब जातीचं फुलपाखरू वाटतंय," अभय म्हणाला. "वरून असली सगळी फुलपाखरं सारखीच काळपट दिसतात. पंख मिटले की खालची बाजू राखाडी, त्यावर काळे ठिपके. ते बघितल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. अजून मिटलेच नाहीत, म्हणून थांबलो."

असली थाप गोटीरामने जन्मात ऐकली नव्हती. त्याने दगडाने कॅमेरा फोडला. मग अभयचा हात खडकावर दाबून तोच दगड त्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला तेव्हा नामाने घाबरून पकड सोडली.

अभय मातीत कळवळत पडला. गोटीराम धापा टाकत होता, बोटं रक्ताने ओली. त्या ओल्या बोटावर ते काळपट फुलपाखरू येऊन बसलं, सोंड लावून रक्त पिऊ लागलं आणि त्याने पंख मिटले. राखाडी पंखांवर काळे ठिपके, बाळाला तीट लावावी तसे.

माणूस खरं बोलत होता.

"दादा," नामा हळूच म्हणाला, "ठिपके हायत."

अभयने मान उचलली. एवढं सोसल्यावर माणसाने पाणी मागावं, दया मागावी. त्याने विचारलं, "काळेच आहेत ना?"

गोटीरामने दुसऱ्या हाताने फुलपाखरावर चापट मारली. बोटावर तपकिरी भुकटी राहिली.

"नाय," तो म्हणाला आणि त्याने अभयच्या बरगडीत लाथ घातली. ती आधीच्या सगळ्या मारापेक्षा जोरात बसली. त्याला आता स्वतःचीच लाज वाटत होती.