परसातला संडास

गवंडी घण घेऊन परसात आला तेव्हा आई संडासात होती, आणि बाहेर यायचा तिचा विचार नव्हता.

"ताई, किती वेळ?" त्याने लांबूनच विचारलं.

"बसा सावलीत. घाईचं काम नाही हे."

बाबा घड्याळं दुरुस्त करतात. पुढची खोली म्हणजेच दुकान. मागच्या वर्षी त्यांनी घरात नवा संडास बांधला. पांढऱ्या फरशा, दाबायचं बटण, सगळं झकास. पण पाण्याची लाइन रस्त्याकडून येते म्हणून दार दुकानातच काढलं. गिऱ्हाइकांचा बाक बरोबर त्या दारासमोर. आत बसलं की बाकावरच्या माणसाचा खोकला ऐकू येतो. त्याला आतलं काय काय ऐकू येत असेल, ते विचारायलाच नको. दुकान उघडं असेपर्यंत आई, आत्या आणि मी परसातलाच वापरतो. आणि आता तो शोभत नाही म्हणून बाबांना पाडायचा होता.

तो आजीने हट्टाने बांधून घेतला होता. त्याआधी घरातल्या बायका अंधार पडायची वाट बघत, दिवसा कळ दाबून बसत. आजोबांनी भिंती उभारल्या, पण दाराला कडी फक्त बाहेरून ठोकली. घरातल्या सगळ्या दारांना तशीच होती, त्यांना दुसरं सुचलंच नाही. आजीने ती उचकटली आणि आतून बसवली. दार लागलेलं असताना पुरुषाने वाटेतल्या हौदाच्या पुढे यायचं नाही, हा नियमही तिचाच. बाबा तो आजही पाळतात.

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले आहे. लघवी तुंबवून ठेवली की जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो, हे मी बाबांना आकृती काढून सांगितलं होतं. परसात पावसाचं पाणी साचलं की आई दुकान बंद होईपर्यंत कळ दाबून बसायची, आणि वर्षभरात तिला दोनदा ताप येऊन गेला होता. बाबा म्हणाले, "मग पाणी जास्त पीत जा."

कपाळावर भिंग चढवलेले बाबा हौदापाशी येऊन थांबले.

"अगं, त्याचा दिवस फुकट जातोय!"

"आमचं अख्खं वर्ष गेलं, त्याचं कुणी बोललं नाही," आतून आई.

ती बाहेर आली आणि आत्या आत शिरली. कडी वाजली.

"हा काय पोरखेळ?" बाबा माझ्यावर घसरले. "तू तरी शिकलेली आहेस ना?"

"म्हणूनच आत्यानंतर माझा नंबर आहे."

गवंडी खाली बघून हसला. आईने पदराला हात पुसले आणि त्यालाच विचारलं, "नव्या संडासाचं दुकानातलं दार बुजवून मागच्या बोळात काढता येईल?"

"येईल की. मागची भिंत फोडावी लागेल. चौकट तीच बसेल."

"दुकान बंद ठेवावं लागेल," बाबा म्हणाले.

"ठेवा."

"गिऱ्हाइकांना काय सांगू?"

"खरं ते सांगा. त्यांच्या घरीही बायका आहेत."

बाबांचा आवाज खाली आला. "बरं. पण ते झालं की हे पाडायचं ना?"

"आधी ते होऊ दे, मग विचार," आत्या आतून ओरडली. "उत्तर तेव्हाही नाहीच आहे!"

गवंड्याने घण खांद्यावर टाकला आणि तो घराकडे वळला. बाबा त्याच्यामागे धावले, "अहो थांबा, टेबलावर घड्याळांच्या काचा मांडल्यात!"