माफीचे दिवस

तिसऱ्या प्रहरी असरच्या नमाजाची बांग सुरू झाली तसे फरिदाने दोन्ही हात तांदळाच्या पिठात घातले. भाकऱ्यांना अजून तीन तास अवकाश होता.

मधल्या खोलीत तिची लेक इनशा जानमाज, नमाजाची चटई, अंथरत होती. एकच. पहिल्या दिवशी फरिदाने सांगितलं होतं, मला माफ आहे. महिन्यातल्या त्या दिवसांत बाईला नमाज माफ असते, हे तेरा वर्षांच्या मुलीला समजावून सांगावं लागत नाही. दुसऱ्या आठवड्यातही तिने तेच सांगितलं. तिसऱ्यात सांगणं सोडलं आणि इनशाने विचारणं.

घरात काही घडलं नव्हतं. कुणी गेलं असतं, एखादी होडी बुडाली असती, तर निदान कारण झालं असतं. एका दुपारी सजद्यात डोकं टेकलं आणि पलीकडे ऐकणारं कुणी नाही असं वाटलं, इतकंच. उठून तिने वाळत घातलेले बोंबील उलटे केले.

मदरशाचा हट्ट तिचाच होता. तिचा नवरा अब्दुस्समद मांडव्याच्या जेट्टीवर तिकिटं फाडायचा. लेकीला अलिबागच्या इंग्रजी शाळेत घालायचं त्याच्या मनात होतं. फरिदा दोन दिवस जेवली नव्हती. आता इनशा रोज संध्याकाळी मदरशातला सबक म्हणून दाखवायची आणि ती चुका काढायची. चुका अजूनही बरोबर सापडत होत्या.

नमाज आटोपून इनशा तिच्या शेजारी येऊन बसली.

"अम्मी, आज मदरशात आपांनी आम्हाला माफीचे दिवस शिकवले. जास्तीत जास्त पंधरा."

फरिदा पीठ मळत राहिली.

"तुझे आज तेवीस."

"माझे दिवस मोजतेस व्हय गं?"

"जानमाज मीच घालते ना." इनशा तिच्या आणखी जवळ सरकली. पंधराच्या वर गेलं तर तो आजार, असं आपांनी सांगितलं होतं. त्यांच्या नणंदेचं असंच सुरू झालं आणि पुढच्या ईदेला ती नव्हती. अम्मीला बरं न्हाय, एवढंच इनशाने अब्बांच्या कानावर घातलं होतं. त्यांनी उद्याचा डॉक्टरीणबाईंचा नंबरही लावला होता.

फरिदाने हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. आजच संपले म्हणायचं आणि पोरीच्या शेजारी उभं राहायचं. ओठ हलवायला काय लागतं?

"मी आजारी न्हाय, इनशा."

"मग?"

"माफी कवाच संपली. मी पढतच न्हाय."

आधी इनशाचे खांदे सैल झाले. मग ऐकलेलं हळूहळू तिच्या चेहऱ्यावर आलं.

"जुम्म्याला पण न्हाय?"

"न्हाय."

"का?"

फरिदाने पिठावर ताट झाकलं.

तेवढ्यात फोन वाजला. इनशाने उचलला. अब्दुस्समद विचारत होता, उद्या दवाखान्यात जायला नऊची एसटी धरायची की रिक्षा सांगू. त्याच्यामागे लाँचचा भोंगा वाजत होता. इनशा आईवरची नजर न काढता ऐकत होती. ती बापाशी कधी खोटं बोलल्याचं फरिदाने ऐकलं नव्हतं.

"रिक्षाच सांगा, अब्बा," ती म्हणाली. "अम्मीला चालवत न्हाय."