मास्तरीण सगळ्यांना घरी आणते

मामंजी गेल्यावरही आमच्या घरात संध्याकाळ व्हायची ती मास्तरणीच्या हुकमाने.

मास्तरीण म्हणजे आमची कोली कुत्री. लांब निमुळतं तोंड, गळ्याभोवती पांढऱ्या केसांची भरघोस झालर, पाठीवर तपकिरी-सोनेरी झूल, आणि गृहपाठ केला नाही हे आधीच कळल्यासारखी नजर. नाव मामंजींनीच ठेवलं होतं. ते म्हणायचे, "हिच्यासमोर मलासुद्धा हात पुढे करून उभं राहावंसं वाटतं."

घराला लागूनच आमचा ब्लँकेटं विणायचा कारखाना. कारखाना म्हणायचं आपलं; दोन माग, लोकर पिंजायचं एक यंत्र आणि धुतलेली लोकर वाळवायला मागचं अंगण. मामंजी लोकर घ्यायला वर डोंगरात जात, तिथल्या एका मेंढपाळाने हे पिल्लू त्यांच्या पिशवीत घातलं होतं. तेव्हापासून जेवताना आम्हाला कोली कुत्र्यांचा इतिहास ऐकावा लागे, आणि दर वेळी तो थोडा वाढलेला असे.

"यांचे पूर्वज उत्तरेकडच्या धुक्याच्या डोंगरातले," मामंजी घास हातातच धरून सांगायचे. "धनी खाली उभा राहून शीळ घालायचा. वर काय आहे ते त्याला दिसायचं नाही. कुत्रं धुक्यात शिरायचं आणि कळप घेऊन यायचं. धन्याला जे दिसत नाही ते आणायचं, ही यांची विद्या. पुढे कुठल्याशा राणीला ही जात आवडली आणि मेंढरांमागची कुत्री दिवाणखान्यात जाऊन बसली. नाक लांबलं, केस वाढले. पण मूळची खोड जाते का?"

"तुमची गेली का, तर तिची जाईल," सासूबाई म्हणायच्या. "जेवा आता."

खोड गेली नव्हतीच. उजेड मंदावला की मास्तरीण उठायची. आधी मागावरून ह्यांना उठवायची. चावायची नाही, भुंकायची नाही. पोटरीला नाक लावून ढकलायची. मग मला स्वयंपाकघरातून, मग आमच्या छोटीला अंगणातून. शेवटी फाटकाशी जाऊन मामंजींना घेऊन यायची. सगळ्यांना पुढच्या खोलीत आणून एकदा भोवती फेरी मारली की मामंजी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीतून वाकायचे, तिच्या झालरीत दोन बोटं खुपसायचे आणि कानात काहीतरी पुटपुटायचे. तेवढ्यावर ती धपकन आडवी व्हायची आणि मगच ताटलीला तोंड लावायची. मेंढपाळाने त्यांना बजावून सांगितलं होतं, काम काहीही सांगा, पण काम संपलं हे सांगितल्याशिवाय या जातीला संपलेलं कळत नाही.

काय पुटपुटायचे ते आम्ही कधी विचारलं नाही. मागाच्या खडखडाटाने कान आधीच बधिर झालेले असायचे. त्यांच्या शेजारी असायच्या फक्त सासूबाई.

गेल्या थंडीत मामंजी सकाळी फाटकातून बाहेर पडले, रस्त्यातच कोसळले, आणि पुढचं सगळं दवाखान्यातूनच झालं. घरी परत आले नाहीत. मास्तरणीच्या लेखी ते बाहेर गेले होते, एवढंच.

काही दिवस ती नुसतीच फाटकाशी उभी राहायची. मग एका संध्याकाळी ती रस्त्याच्या वळणापर्यंत गेली आणि परत येताना मी तिला खिडकीतून पाहिलं. ती एकटी येत नव्हती. म्हणजे दिसत होती एकटीच. पण चाल कळप आणतानाची होती, मान खाली, किंचित तिरपी, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. आणि हळू. मामंजींचा डावा गुडघा धरलेला असायचा, तितकी हळू. पायरीशी ती थांबली. माणसाला बूट काढायला जितका वेळ लागतो तितकी थांबली. मग आत आली, आणि वेताची खुर्ची करकरली.

खोलीत कच्च्या लोकरीचा तेलकट वास पसरला. कारखान्याला कुलूप होतं आणि मधलं दार बंद होतं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "वेत आहे तो. थंडीत आवाज करतोच."

सासूबाई आत गेल्या आणि चहाचे दोन कप घेऊन आल्या. एक स्वतःपुढे ठेवला, एक खुर्चीपुढच्या स्टुलावर. त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी दिवा लावल्यासारखा झाला होता.

तेव्हापासून हे रोजचं झालं. माणसाला कशाचीही सवय होते, तशी आम्हालाही झाली. छोटी खेळता खेळता खुर्चीपाशी आली की आपणहून वळसा घालायची. मी विचारलं तर म्हणाली, "आजोबांचे पाय आहेत ना तिथे." सासूबाई मात्र खुर्चीला दिवसभराचं सांगत बसायच्या. मागाचा धागा कसा तुटला, सुनेने आज मीठ कसं जास्त घातलं. मी देवाचं नाव घ्यायची आणि मीठ बेतानं घालायची.

पण मास्तरीण जेवेना.

ताटली भरलेलीच राहायची. फेरी मारून झाल्यावरही ती आडवी होत नसे. खुर्ची आणि दार यांच्या मध्ये उभी राहायची, नजर खुर्चीवर. सकाळी बघावं तर तिथेच, पाय थरथरतायत. केसांना हात लावू देईना. कानांमागे आणि मागच्या मांड्यांना जटा झाल्या. वरून झूल तशीच फुललेली दिसे, पण आत हात घातला की बरगड्या बोटांना लागायच्या.

ह्यांनी सगळे शब्द वापरून पाहिले. "बस. पुरे. झोप. शाब्बास. संपलं." मास्तरीण कान टवकारून ऐकायची आणि पुन्हा खुर्चीकडे बघायची.

"आई, बाबा काय म्हणायचे हिला?"

"नाही बाई आठवत," सासूबाई म्हणाल्या. म्हणाल्या मुलाला, आणि बघत होत्या खिडकीबाहेर.

मला तिथेच खटकलं. या बाईला माझ्या माहेरच्यांनी लग्नात कोणाला कुठल्या रंगाचं पातळ दिलं ते आठवतं. कोणाचं पातळ धुतल्यावर आटलं, तेही आठवतं.

एक दिवस लोकरवाला माल टाकायला आला. कुत्रीकडे बघून म्हणाला, "पोटात जंत आहेत. माझ्या मेंढ्यांचं औषध देतो, एका घोटात मोकळी होईल." ह्यांनी बाटली घेतली, आणि जटा काढायला लोकर कातरायचं यंत्रही बाहेर काढून ठेवलं. नशीब, मी आधी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावून ठेवलं होतं. त्यांनी बाटली वाचली आणि उचलून स्वतःच्या पिशवीत टाकली.

"हे दिलंत का हिला?"

"अजून नाही."

"देऊ नका. मेंढीला जेवढं देतात तेवढं या जातीतल्या पुष्कळ कुत्र्यांच्या मेंदूत उतरतं. उभी कुत्री पडते, आणि कित्येकदा उठत नाही. आणि ते यंत्र ठेवून द्या. वरचे केस आणि आतली मऊ लोकर, दोन्ही मिळून हिचं घर आहे. थंडीत ऊब धरतं, उन्हात ऊन अडवतं. ते भादरायचं नसतं. जटा बोटांनी सोडवा, मग थर उलटून उलटून मुळापासून विंचरा."

त्यांनी तिचे डोळे पाहिले, पोट दाबलं, छातीला नळी लावली.

"आजार काही नाही. कामावर आहे ती. कामावरचं कुत्रं खात नाही, झोपत नाही. कोणीतरी हिला सुट्टी द्यायला हवी. अशी आणखी थोडे दिवस राहिली तर हृदय थांबेल." मग सासूबाईंकडे वळून म्हणाल्या, "काकू, काका काय म्हणत असत तिला?"

"सांगितलं ना, नाही आठवत," सासूबाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या ओट्याशी पाठ करून उभ्या होत्या, रिकामं पातेलं विसळत.

"आई, तुम्हाला आठवतंय."

"आठवतंय तर." पाणी चालूच होतं. "बोलले की ती त्यांना आणायची थांबेल. मग मी संध्याकाळी कोणाशी बोलू? तुझ्याशी? तू तर मान डोलावतेस आणि मनात किराणा जोडतेस."

हे खरं होतं.

"मुकं जनावर मरतंय, आई."

"मला दिसत नाही का?" त्यांनी नळ बंद केला. "आणि शब्दसुद्धा कसला ठेवलाय त्यांनी. तो मी तोंडातून काढू कसा, ते तूच सांग."

काय शब्द ते मात्र सांगितलं नाही.

त्याच संध्याकाळी धुकं उतरलं. आमच्याकडे धुकं तसं पडतं, पण असं नाही, फाटकसुद्धा दिसेना. मास्तरणीने आम्हाला नेहमीप्रमाणे गोळा केलं आणि लडखडत बाहेर गेली. बराच वेळ आली नाही. हे टॉर्च घेऊन पायरीपर्यंत गेले आणि परत आले. उजेड दोन हातांवर भिंतीसारखा अडत होता.

मग धुक्यातून नखांचा आवाज आला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. ती आली तेव्हा केसांवर पाणी साचलेलं, पुढचा एक पंजा रक्ताळलेला. आज ती वाट दाखवत नव्हती, हाकत होती. पायरीपाशी वळून तिने टाचेच्या उंचीवर हवेत दात वाजवले. मी तिला कोणाच्या टाचेला लागताना आजवर पाहिलं नव्हतं. चुकार, परत पळू बघणाऱ्या मेंढीसाठी ते राखून ठेवलेलं असतं, असं मामंजीच सांगायचे.

खुर्ची करकरली. वास आला. सासूबाईंनी कप ठेवला.

आणि खुर्ची पुन्हा करकरली. बसतानाची नव्हे, उठतानाची. दोन्ही आवाज आम्हाला वर्षानुवर्षं पाठ होते.

मास्तरीण झेपावली, दारात आडवी उभी राहिली, ओठ वर करून. हळूहळू पुढे सरकली. खुर्ची पुन्हा दबली. थोड्या वेळाने पुन्हा उठतानाचा आवाज आला. ती पुन्हा आडवी आली, या वेळी तिचे मागचे पाय घसरले आणि ती सावरून उभी राहिली. स्टुलाला काहीतरी लागलं. कप कलंडला आणि चहा टपटप जमिनीवर पडू लागला.

छोटी माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, आजोबांना जायचंय. ती सोडत नाहीये."

सासूबाई त्या चहाकडे बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, बसवत नाही का तुम्हाला?"

खोलीत फक्त मास्तरणीचा धापा टाकण्याचा आवाज.

"रोजच असं होत होतं का? आणि मी आपली मिठाच्या तक्रारी सांगत बसले." त्यांनी पदर तोंडाला लावला, पण रडल्या नाहीत. "मला वाटायचं, येतायत. येत नव्हते. आणलं जात होतं."

त्या उठल्या, मास्तरणीपाशी खाली बसल्या, गुडघ्यांवर हात टेकत, हाडं मोजत बसावं तशा. भिजलेल्या झालरीत दोन बोटं घातली. तोंड उघडलं आणि मिटलं. मग कानाशी वाकून म्हणाल्या, पण या वेळी आम्हालाही ऐकू आलं,

"सगळी आली गं. आता तू बस."

तेव्हा मला कळलं त्या का अडल्या होत्या. मामंजींना गाळून सगळी आली म्हणायचं होतं. ते म्हटलं की घरातली माणसं एवढीच, हे कबूल करणं आलं.

मास्तरणीच्या अंगातली दोरी कोणी सैल केल्यासारखं झालं. पण ती लगेच आडवी झाली नाही. दारापासून बाजूला सरली. वाट सोडली.

वेत शेवटचा करकरला. पायरीपाशी बूट घालायला लागतो तितका वेळ गेला. सासूबाई दाराकडे बघत म्हणाल्या, "निवांत जा. आम्ही आहोत इथे." फाटकाची कडी वाजली, आणि लोकरीचा वास कोणी खिडकी उघडल्यासारखा निघून गेला.

मास्तरीण ताटलीपाशी गेली, सगळं चाटूनपुसून खाल्लं, वरून जमिनीवरचा चहाही चाटला, आणि खोलीच्या मधोमध अशी झोपली की आम्हाला तिच्यावरून पाय टाकून जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मामंजींचा लोकर विंचरायचा लांब दातांचा कंगवा काढला. अंगणात बसून आम्ही दोघींनी तिच्या जटा सोडवल्या. त्या झूल उलटून धरायच्या, मी मुळापासून विंचरायची. आतली मऊ लोकर ढगासारखी निघत होती. त्या ती चिमटीत घेऊन बघायच्या आणि टोपलीत टाकायच्या. विणकराच्या घरात लोकर टाकून देत नाहीत.

मध्येच त्यांनी विचारलं, "शब्द नीट ऐकलास ना काल?"

"ऐकला, आई."

"बोटं कुठे घालायची ते पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग लक्षात ठेव," त्या म्हणाल्या आणि मास्तरणीच्या कानामागची शेवटची गाठ सोडवू लागल्या. "माझ्या वेळेला उशीर लावू नकोस. मला कोणी टाचेला धरून आणलेलं चालायचं नाही."

मास्तरणीने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. या वेळी मनात किराणा नव्हता.