पंधरावं औषध

थोरली जाऊ आणि धाकटी जाऊ एकाच प्रयोगशाळेत कामाला होत्या. धाकटी औषधं बनवायची, थोरली सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायची. घरात थोरलीचा शब्द चाले, इथे धाकटीचा, त्यामुळे दोघींचं बरं जमायचं.

मेंदूच्या पेशी बशीत वाढवायच्या, त्यांना औषध द्यायचं आणि ऑक्सिजन काढलेल्या पेटीत दोन तास कोंडायचं. लकवा मारतो तेव्हा मेंदूत असंच होतं. नंतर रंग टाकला की मेलेल्या पेशी निळ्या पडतात. चौदा औषधं झाली, चौदाही वेळा बशी निळीशार. तीन वर्षांपूर्वी सासूबाईंचा उजवा हात असाच गेला होता. तेव्हापासून धाकटी हट्टाला पेटली होती.

मंगळवारी दुपारी थोरलीने पंधराव्या औषधाची बशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि उचलून उजेडात धरली.

"काय झालं, ताई?"

"तू रंग टाकायला विसरलीस."

"टाकलाय की."

"मग पेटी बिघडली."

त्याच पेटीतली बिनऔषधाची बशी पाहिली. ती निळीच होती, म्हणजे पेटी ठणठणीत. धाकटीने बशांवरच्या नावांवर चिकटपट्टी लावली, जागा बदलल्या आणि थोरलीला पुन्हा मोजायला बसवलं. एका बशीत शंभरातल्या एक्क्याऐंशी जिवंत निघाल्या. पट्टी सोलली तर पंधरावंच.

थोरलीला स्टुलावर बसल्या बसल्या हसू फुटलं. ते आवरेना. धाकटीने तिला ओढून उठवलं, आणि फ्रीज नि सिंक यांच्यामधल्या हातभर जागेत दोघी गरगर फिरल्या. बुटांवरची प्लास्टिकची आवरणं सुटून एक टेबलाखाली गेलं.

"काय चाललंय?" दारात साहेब उभे होते.

"सर, पेशी जगल्या," धाकटी धापा टाकत म्हणाली.

साहेबांनी आकडे वाचले, चष्मा पुसून परत वाचले. "पुन्हा करा. मग बोलू," म्हणाले आणि वळले. पण बोळातून जाताना ते चक्क शीळ घालत होते.

गुरुवारी पुन्हा केलं. अठ्ठ्याहत्तर जगल्या.

शनिवारी साहेबांच्या परवानगीने दोघी सासूबाईंना घेऊन आल्या. डाव्या हाताने टेबल धरून त्यांनी वाकून सूक्ष्मदर्शकात पाहिलं.

"माझ्या हाताला उपयोग?"

"नाही, आई," धाकटीने खरं ते सांगितलं. "झटका आल्या आल्या द्यावं लागेल. आणि आधी उंदीर, मग माणसं. वर्षं लागतील."

सासूबाई पाहतच राहिल्या. "केवढ्या फांद्या फुटल्यात गं यांना," त्या म्हणाल्या. "मेल्या कशा ऐटीत बसल्यात."

"आई, मेल्या नाहीत, जिवंत आहेत त्या."

आधी थोरली फिसकन हसली, मग धाकटी. सासूबाई तर इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. बसल्या बसल्या डोळे पुसून त्यांनी डाव्या हाताने उजवा उचलून दाखवला आणि त्या म्हणाल्या, "सोळावं केव्हा करताय?"