ज्याचं दुखतं त्याचा दवाखाना

पुंजारामच्या पोटाची ख्याती अख्ख्या वाटूर गावात होती. अकरा वर्षं तो ढेकर देत होता, आणि देताना आजूबाजूला कोण आहे याची पर्वा करत नव्हता. छातीत जळजळ, पोट फुगलेलं, तोंडाला आंबट पाणी. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही परतूर येईपर्यंत हे सगळं पाठ व्हायचं. त्याच्यामुळे घरात वांगं शिजत नव्हतं, वरणात तिखट पडत नव्हतं. सगुणाबाई, त्याची बायको, त्याच्यासाठी मुगाचं फिकं वरण करायची, ताट वाढायची आणि त्याचं जेवण होईपर्यंत समोर बसायची. मग चुलीपाशी जाऊन स्वतः जेवायची. काय जेवायची, किती जेवायची, हे बघायला तिथं कोणी नसायचं.

शेवटी जालन्याला दुर्बिणीनं तपासायचं ठरलं. रात्रीपासून पोटात अन्नपाण्याचा कण नको, असं फोनवरच बजावलेलं. पुंजाराम भुकेनं कावला होता. आत जाताना त्यानं चेहरा असा केला की जणू आता परत यायचा नाही. मनातून मात्र त्याला वाटत होतं, काहीतरी सापडावं. निदान अल्सर तरी. इतक्या वर्षांच्या तक्रारीची लाज राहावी.

सापडलं काहीच नाही.

"काका, अन्ननळी, जठर, सगळं स्वच्छ आहे," डॉक्टर तृप्ती म्हणाल्या. वयानं लहान, पण बोलायला रोखठोक बाई.

"मंग मी काय खोटं बोलून राह्यलो का?"

"नाही. त्रास खराच आहे. पण त्रास मोठा म्हणजे आजार मोठा, असं पोटाचं नसतं. म्हणून आम्ही दुसऱ्या खुणा विचारतो." पुंजारामचं उत्तर लांबणार हे ओळखून त्या सगुणाबाईकडं वळल्या. "काकू, वजन उतरलंय का? गिळताना घास अडकतो का?"

"त्यांचा न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "माझा अडकतो."

"अगं, माझं विचारून राह्यल्यात त्या," पुंजाराम म्हणाला. बाईला प्रश्नच कळला नाही, असं त्याला वाटलं.

डॉक्टरांनी हातानं त्याला थांबवलं. "कधीपासून, काकू?"

"दिवाळीपासून. आधी भाकर अडकायची. मंग पाण्यात कुस्करून खायाची. आता भातबी थांबतो हितं." तिनं छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "दुखत न्हाई पण."

पुंजारामनं तिच्याकडं पाहिलं. तिच्या बांगड्या कोपराकडं घसरल्या होत्या, गळ्याची हाडं वर आली होती. रोज समोर बसणारी बाई त्याला आज दिसली, आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"सकाळपासून काही खाल्लंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"यांनी कालपासून काही घेतलं न्हाई. मंग मी कसं घेणार? पाणीबी न्हाई."

नवऱ्याआधी घास घ्यायचा नाही, ही त्या घरची रीत. त्या रीतीपायी इतके महिने तिचं ताट कोणाला दिसलं नव्हतं. आज निदान त्यामुळे तिचं पोट रिकामं होतं. डॉक्टरांनी तिला लगेच दुर्बिणीसाठी आत घेतलं.

पुंजाराम बाकावर बसून राहिला. ढेकर आला तो त्यानं तोंडावर हात दाबून जिरवला.

डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता. अन्ननळीत गाठ होती, दुर्बीण जेमतेम पुढं सरकली होती. गाठीचे तुकडे तपासायला पाठवलेत, पण दिसतंय ते चांगलं नाही. या आठवड्यातच संभाजीनगरला न्या. "काका, जरा आधी आला असतात तर..."

"आल्तो की," पुंजाराम म्हणाला. "दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या डॉक्टरकडं गेलो. हीबी संगंच असायची."

तासाभरानं, तिच्या घशाचा बधिरपणा उतरल्यावर, त्यानं खालून दूध आणलं. सगुणाबाईनं पेला घेतला आणि तशीच थांबली.

"पी ना."

"तुम्ही घ्या आधी."

त्यानं एक घोट घेतला. तेव्हा कुठं तिनं पेला तोंडाला लावला. दूध हळूहळू, थांबत थांबत खाली उतरत होतं, आणि तो पहिल्यांदाच तिला गिळताना बघत होता.

"माझ्यापाशी बोलली का न्हाई गं?" त्यानं विचारलं.

"सांगणारच व्हते," ती म्हणाली. "एकदा तुमचं पोट बरं होऊ द्यावं म्हटलं."