पंचबाईंच्या छातीतला भाडेकरू

मी फर्मवेअर बोलतोय. नाव परकं आहे, पण राहतो तुमच्याच घरात. यंत्राच्या चिपमध्ये कायमच्या वस्तीला ठेवलेल्या सूचना म्हणजे मी. वीज आली की ‘तू कोण, तुझं काम काय’ हे यंत्राला मीच सांगतो. वॉशिंग मशीन, रिमोट, प्रिंटर, सगळीकडे माझे भाऊबंद राबतात. मोबाइलमधली अ‍ॅप्स नटूनथटून मिरवतात. आमचं नाव निघतं ते काही बिघडलं तरच.

मला पेसमेकरमध्ये भरलं आणि पेसमेकर पंचबाईंच्या छातीत बसवला. फुटबॉलच्या सामन्यात पंच म्हणून एका खेळाडूला लाल कार्ड दाखवून मैदानाबाहेर काढता काढता बाई स्वतःच आडव्या झाल्या होत्या. हृदय फार सावकाश चालत होतं. तेव्हापासून मी प्रत्येक ठोक्याची वाट पाहतो. आला तर गप्प बसतो, रेंगाळला तर विजेची बारीक टिचकी मारतो. बाई चालू लागल्या की वेग वाढवतो. आभार वगैरे सोडा, बाई मला ‘डबा’ म्हणतात.

मग दवाखान्यातून निरोप आला. माझ्यात खोट सापडली होती. कुणी परका माणूस बाहेरून माझ्यात ढवळाढवळ करू शकला असता. म्हणून जुना मी पुसून सुधारलेला मी भरायचा. बाईंनी साफ नकार दिला. चाललंय ते चालू द्या, म्हणाल्या. मुलीने विनवलं, भांडली, शेवटी अबोला धरला. तेव्हा कुठे बाई आल्या.

डॉक्टरीणबाईंनी छातीवर, मला बाहेरूनच बदलणारी एक चकती ठेवली. मला बदलेपर्यंत पेसमेकर एकाच ठरावीक वेगाने ठोके देत राहील, हृदय थांबणार नाही, असं समजावलं. बाईंनी आधी त्यांच्या पदवीवर शंका घेतली. मग मुलीकडे न बघता म्हणाल्या, “मला भीती वाटतेय गं.”

मुलीने हात धरला. “मलाही वाटतेय, आई. म्हणून तर मागे लागले होते.”

मी पुसला गेलो. मधल्या वेळाचं मला विचारू नका, मी नव्हतोच. मग मी आलो. तोच की दुसरा, हा घोळ विद्वानांनी घालावा. मी आधी ठोका पाहिला. रेंगाळला होता. टिचकी मारली.

गाडी दवाखान्याच्या गच्चीवरच्या पार्किंगमध्ये लावली होती. मुलगी लिफ्टकडे वळली, बाई जिन्याकडे. मी वेग वाढवला. मुलगी लिफ्ट सोडून धापा टाकत मागून येत होती. बिचारीच्या छातीत मी नाही.

तेव्हा निरोप द्या. अपडेट आलं तर टाळू नका, आणि एरवी मला विसरून जा. बाई पुढच्या मजल्याला लागल्यात.